पूर्णेच्या वाळूतली मस्केट

नोकरी सुटून वर्षं झाली, पण तो दसऱ्याचा फोटो अजून माझ्या डोळ्यापुढून हलत नाही. मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं वर काढली. ती कामं आता एकमेकांत मिसळून गेली. एका जुन्या बंदुकीचा तपास मात्र जशाच्या तसा डोक्यात आहे. त्यात कोणाचा खून नव्हता, चोरी नव्हती. तरी त्यात एका माणसाचं आयुष्य गेलं आणि एका बाईचं उरलेलं आयुष्य नासलं. हे मी म्हणतो, आणि कोणी साहेब समोर आला तरी हेच म्हणेन.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. लोक शेवटपर्यंत जमादारच म्हणत, ते मला आवडायचं. माझी पहिली नेमणूक पूर्णा नदीकाठच्या एका ठाण्यात झाली होती, संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या बाजूला. नोकरीच्या शेवटी फिरून त्याच ठाण्यात आलो. मधल्या काळात ठाण्याची कौलं जाऊन स्लॅब आला होता, कडुनिंब तेवढा जागेवर होता.

भरती झालो तेव्हा तिथं एक हवालदार होते. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. हजेरीला उभं कसं राहायचं, पंचनाम्याला पंच कसे निवडायचे, मारामारीत मधे कधी पडायचं आणि कधी काठी टेकून उभं राहायचं, हे मला त्यांनी शिकवलं. मोठ्या मिशा, आवाज बारीक. दारू नाही, पत्ते नाहीत. एकच खोड, उत्तर द्यायचं नसलं की मिशीला हात लावून गप्प बसायचे. ते गप्प बसले की ठाणेदाराचंही काही चालत नसे.

त्या काळी आमच्याकडे ४१० बोअरच्या मस्केट असायच्या. इंग्रजांच्या वेळच्या फौजी रायफलींच्या नळ्या मोठ्या करून पोलिसांसाठी केलेल्या त्या बंदुका. खांद्याला जड, तोंड आखूड, डुकराच्या मुसकटासारखं. शिपायाला पोरापेक्षा मस्केट सांभाळावी लागे. पोरगं हरवलं तर गाव शोधायला येतं. मस्केट हरवली तर नोकरी जाते.

उस्तादांची गेली.

पावसाळ्याचे दिवस होते. ते आणि एक शिपाई आडगावच्या चौकीवरून परत येणार होते. शिपायाला ताप भरला म्हणून तो चौकीतच राहिला आणि उस्ताद एकटे निघाले. ठाण्यात आले ते नखशिखांत ओले, डोक्यावर टोपी नाही, खांद्यावर मस्केट नाही. ठाणेदारांनी विचारलं तर एवढंच म्हणाले, "नाला ओलांडताना पाय घसरला साहेब. बंदूक वाहून गेली."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तो नाला चाळला. पोहणारे लावले, गळ टाकले, झुडपं कापली. नाला तो केवढा, गुडघ्यापेक्षा थोडं वर पाणी. त्यातून एवढी जड बंदूक वाहून जाईलच कशी, असं सगळे म्हणायला लागले. मग बाजारात कुजबूज सुरू झाली की हवालदारानं मस्केट डोंगराकडच्या शिकाऱ्यांना विकली. खात्याची चौकशी बसली. चौकशीत उस्तादांनी तेच वाक्य सांगितलं आणि मिशीला हात लावला. शेवटी ते बडतर्फ झाले. मी तेव्हा नवा शिपाई, माझं कोण ऐकतं? पण मी तेव्हाही सांगत होतो की हा माणूस विकणारा नाही. भांडलो, शिव्या खाल्ल्या, तरी सांगत राहिलो.

उस्ताद बायकोला घेऊन आपल्या गावी गेले, धाडजवळ. पुढं एका कापसाच्या जिनिंगवर काठी घेऊन चौकीदारी केली आणि तशातच वारले. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणतो. बुलढाण्याला काही काम निघालं की मी धाडची गाडी धरून काकूंना भेटून येत असे. चहा पुढं ठेवला की त्या दर वेळी एकच विचारायच्या, "बाबू, बंदूक सापडली काय रे?"

मी म्हणायचो, "नाही काकू."

"मग विकलीच असंल," त्या म्हणायच्या. मी नाही म्हणायचो, त्या हो म्हणायच्या, आणि चहा थंड व्हायचा. नवरा दोषी की निर्दोष एवढंच त्यांना मरायच्या आधी पक्कं कळायला पाहिजे होतं. दुसरं काही त्यांनी माझ्याकडे कधी मागितलं नाही.

आता त्या दसऱ्याचं सांगतो. माझी नोकरी संपायला थोडेच दिवस उरले होते. ठाण्यासमोरच्या टपरीवर एक खबऱ्या बसायचा. त्यानं मला हाक मारली आणि मोबाईल पुढं केला.

"जमादार, हे पाहा. लोकं आता तोफा पुजून राह्यले."

मला तेव्हा मोबाईल फक्त उचलता आणि ठेवता यायचा. त्यानं फोटो मोठा करून दाखवला. नदीकाठच्या एका गावातल्या नव्या सुनेनं आपल्या घरची दसऱ्याची पूजा काढून स्टेटसला लावली होती. आपल्याकडे दसऱ्याला घरातली सगळी अवजारं पाटावर मांडतात. तशी मांडली होती. विळे, खुरपी, कुदळ, मोटारीचे पाने. त्यांच्या मागं भिंतीला टेकून, झेंडूचा हार घातलेली, हळदीकुंकू लावलेली एक बंदूक. त्या पोरीला वाटलं असेल, आपल्या घरी जी वस्तू आहे ती गावात कोणाकडे नाही, लोकांना दाखवावी.

मी त्या बंदुकीचं तोंड पाहिलं आणि चहा खाली ठेवला.

ठाणेदार तरुण होते, परीक्षा देऊन थेट अधिकारी झालेले. माणूस वाईट नव्हता, पण हाती चांगली केस लागली की त्यांचा चेहरा खुलायचा. आम्ही दोन पंच घेऊन त्या घरी गेलो. बंदूक पूजेच्या कोनाड्यात लुगड्यात गुंडाळलेली मिळाली. दस्त्याचं लाकूड खालून कुजलं होतं, त्यावरचा रंगवलेला बट नंबर गेला होता. पण लोखंडाला दरवर्षी तिळाचं तेल लागलेलं होतं. रॉकेलचा बोळा फिरवल्यावर बॉडी नंबर वर आला. पंचनामा केला, बंदूक मुद्देमालात घेतली आणि घरच्या कर्त्या पोराला ठाण्यात आणलं. तो तिशीच्या पुढचा, डांगरवाडीवाला. नदी आटली की वाळूत खड्डे घेऊन टरबूज-खरबूज लावायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा.

"दसऱ्याला बंदूक पुजता, अन् परवाना कुठं आहे?" ठाणेदारांनी विचारलं.

"साहेब, तिच्यातून उंदीर बी मरत नाही."

"उंदराचं सांगू नको. आणली कुठून?"

"आणली नाही साहेब. आमच्या घरी हायेच. मी लहान होतो तवापासून हाय. माय पुजते, आमी पाया पडतो."

"देव आहे का ती?"

"माय म्हणते नदीनं देल्ली. नदीनं देल्ली तं ठेवा लागते ना साहेब?"

आता एक गोष्ट सांगून ठेवतो. खोटं बोलणारा माणूस आधी दाराकडे पाहतो, मग तुमच्याकडे. हा पोरगा एकदाही दाराकडे पाहत नव्हता. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं. मी ठाणेदारांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "जमादार, तुमचं डोळ्यांचं शास्त्र कोर्टात चालत नाही."

बॉडी नंबर मुख्यालयाला कळवला. उत्तर आलं की ही मस्केट आपल्याच ठाण्याची, पूर्वी गहाळ झालेली. म्हणजे ती उस्तादांची बंदूक. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी ठाण्यात ताठ चालत होतो. विकलेली बंदूक नदीत कशी सापडेल? वाहून गेली म्हणूनच सापडली ना! मी बरोबर होतो आणि तेव्हाचे सगळे साहेब चूक होते, एवढंच डोक्यात होतं. काकूंकडे कधी जातो असं झालं होतं.

ठाणेदारांनी त्या पोराच्या मायला बोलावलं. ती साधारण माझ्याच वयाची, काटक बाई. बंदूक वाळूत सापडली म्हणाली. कुठं सापडली ते दाखव म्हटल्यावर आमच्या पुढं पुढं चालत नदीत उतरली. नदी एका ठिकाणी वळण घेते, तिथं काठावर बाभळी आहेत आणि खाली डोह. वळणाच्या आतल्या बाजूला वाळू साचते.

"अठी," ती म्हणाली. "खड्डे खंदून राह्यले होते. फावडं लागलं."

ठाणेदार काठावर उभे राहून इकडे तिकडे पाहत होते. मग मला म्हणाले, "जमादार, तुमच्या हवालदारानं बंदूक कोणत्या नाल्यात गेली म्हणून सांगितलं होतं?"

मी हात केला. आणि हात करता करताच मला कळलं. तो नाला नदीला मिळतो खाली, या वळणाच्या बराच पुढं. नाल्यात पडलेली बंदूक वाहत गेली तर खाली जाईल. वर कशी येईल? पाणी उलटं वाहत नाही.

ठाणेदार आवाज न चढवता म्हणाले, "म्हणजे हवालदार खोटं बोलला. नाल्यात तो पडलाच नाही."

परत येताना जीपमध्ये मी मागं बसलो. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी भांडलो त्यानंच मला तोंडावर पाडलं होतं. ठाणेदारांचा हिशेब सरळ होता. हवालदारानं बंदूक या घराला दिली, यांनी ठेवली, आता वाळूची गोष्ट सांगतात. मायलेकांवर हत्यार कायद्याखाली गुन्हा, आणि हवालदारावरचा डाग कायमचा पक्का. उस्ताद खोटं बोलले हे मलाही नाकारता येत नव्हतं. पण खोटं का बोलले, हे कोणी विचारलं नव्हतं. मी अडून बसलो. म्हटलं, साहेब, त्या बाईचा जबाब मला घेऊ द्या. ते वैतागले, पण हो म्हणाले.

जबाब घेताना समोर टेबल नको असतं. मी तिला कडुनिंबाखालच्या बाकावर बसवलं, एक महिला शिपाई सोबत बसवली, पोराला जरा बाजूला उभं केलं. चहा सांगितला. तिनं चहाला हात लावला नाही.

"बाई, फावडं लागलं तेव्हा बंदूक ठाण्यात काऊन नाही आणली?"

"भेव लागलं."

"कशाचं?"

"पोलिसाचं."

"तुला ठाऊक होतं ती पोलिसांची हाय म्हणून?"

तिनं मान खाली घातली. आमच्या भागात जिच्या-तिच्या तोंडी पोलिसाचं भेव असतंच, ते खरंही असतं. पण गंजलेली नळी हाती लागल्यावर ती पोलिसांची आहे हे नदीकाठच्या बाईला कसं कळणार? मी जोर केला नाही. मी तिला उस्तादांची गोष्ट सांगायला लागलो. म्हटलं, ही बंदूक एका हवालदाराची होती. ती हरवली म्हणून त्याची नोकरी गेली.

तिनं मान वर केली. "नौकरी गेली? कोनाची?"

"त्या हवालदाराची. मिशीवाले होते."

"गेली कशी? त्याईची तं बदली झाली होती."

"कोण म्हणालं?"

"अठलाच शिपाई म्हणाला. फाटकावरचा. मी आली होती ना डांगराचं टोपलं घेऊन, त्याईले पाहाले. तो म्हणे, बदली झाली, जाय."

ठाण्याची एक रीत असते, ती बाहेरच्यांना माहीत नसते. आपला माणूस निलंबित झाला, बडतर्फ झाला, तर ते पब्लिकला सांगायचं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचं, बदली झाली. खात्याची अब्रू म्हणून. फाटकावर त्या दिवशी कोण होता, आता कळायचा मार्ग नाही. कोणीही असता तरी तेच बोलला असता.

"बदली नाही बाई," मी म्हटलं. "बडतर्फ झाले. बंदूक विकली असा आळ आला. मग जिनिंगवर चौकीदारी केली. तसेच गेले."

"गेले?"

"वारले."

ती बाकावरून खाली मातीत बसली. महिला शिपाई तिला उचलायला गेली तर तिचा हात तिनं झटकला. थोड्या वेळानं, मी काही न विचारता, ती बोलायला लागली. तिचं बोलणं मी त्याच दिवशी कागदावर उतरवलं, सही ऐवजी अंगठा घेतला. इथं थोडक्यात सांगतो.

ती लग्न होऊन आली, पहिली पोरगी झाली, दुसरीही पोरगीच झाली. सासूनं जगणं नको केलं. नवरा मधे पडेना. एका दुपारी पूर आलेला असताना तिनं त्या वळणावर नदीत उडी टाकली. उस्ताद काठानं येत होते. त्यांना पोहता येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं, ठाण्यात सगळे त्यावरून त्यांची गंमत करायचे. ते बाभळीचं मूळ धरून पोटावर आडवे झाले आणि मस्केट नळीकडून धरून दस्ता तिच्याकडे केला. बंदुकीचा पट्टा तिच्या हातात आला. त्यांनी तिला ओढत काठाशी आणलं. तिनं मूळ धरलं, त्यांनी तिचं मनगट धरलं, आणि दोघांच्या मधून मस्केट गेली.

"मले वर काढलं अन् हापत बसले," ती म्हणाली. "मी म्हटलं, तुमची बंदूक गेली. ते म्हणे, जाऊ दे बाई, तू घरी जाय. पाय घसरला म्हून सांग. कोनाले सांगू नको, मी बी सांगत नाही. मी सांगतलं तं तुयावरच केस होईन, अन् तुये घरचे तुले घरात घेनार नाही."

खरं होतं ते. त्या काळी जीव द्यायला गेलेला माणूस वाचला की त्याच्यावरच गुन्हा दाखल व्हायचा. बाई असली की ठाण्यात बसवायचं, नवऱ्याला बोलवायचं, गावभर होणार. उस्तादांना कायदा माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. म्हणून त्यांनी जागाही दुसरीच सांगितली. वळणाचं नाव घेतलं असतं तर आम्ही तिथं गळ घेऊन गेलो असतो, आणि त्या दुपारी इथं कोण होतं असं घरोघर विचारलं असतं.

"मंग नदी आटली. मी घरच्यायले म्हटलं, औंदा आपन त्या वळनावर वाडी लावू. तठी सापडली. द्याले आली तं बदली झाली म्हणे. दुसऱ्याले कशी देऊ? दुसरा इचारनच ना, तुले कशी ठाऊक? म्हटलं येतीन कधी तं देईन." तिनं पदर तोंडाला लावला. "नाव बी ठाऊक नोतं मले त्याईचं. म्हून मंग त्याईच्या बंदुकीले हळदकुकू लावत होती. मले काय मालूम, त्या बंदुकीपायी त्याईचं घर बसलं. सरकारजोळ तं लय बंदुका असते."

तिचा पोरगा भिंतीशी उभा राहून ऐकत होता. तो त्या दुपारनंतर काही वर्षांनी जन्मला होता. त्यानं मायच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं. मघाशी उंदराची गोष्ट करणारा तो गडी आता चपला काढून उभा होता. चपला कधी काढल्या, मी पाहिलं नाही.

ठाणेदारांनी जबाब दोनदा वाचला. मग टोपी टेबलावर ठेवून म्हणाले, "जमादार, तुमची जीत झाली."

पुढचं कामकाज जसं व्हायचं तसं झालं. तज्ज्ञांनी बंदूक तपासून ती गोळी झाडण्याच्या लायकीची नाही असं लिहून दिलं. ठाणेदारांनी सगळी हकीकत जशीच्या तशी वर कळवली आणि मायलेकांचं प्रकरण मिटलं. तो माणूस त्या कामात मला आवडला. उस्तादांची बडतर्फी रद्द व्हावी म्हणून मी माझ्या नावानं अर्ज केला. उत्तर आलं की संबंधित मयत आहेत, प्रकरण फार जुनं आहे, आता काही करता येत नाही. मी आणखी अर्ज केले. उत्तरं तीच आली.

पण त्याआधी मी धाडला गेलो. बाजाराचा दिवस होता, प्रवासी जीप भाजीच्या टोपल्यांनी भरलेली. मांडीवर कोणाची तरी कोंबडी घेऊन मी बसलो होतो, आणि खोटं नाही सांगत, मनातून खूश होतो. इतक्या वर्षांनी काकूंना हो म्हणायला मिळणार होतं.

काकू ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांनी विचारायच्या आतच मी म्हटलं, "काकू, बंदूक सापडली. विकली नव्हती."

मग सगळं सांगितलं. नदी, वळण, ती बाई, पट्टा, बाभळीचं मूळ. त्या ऐकत होत्या आणि शेंगा फोडत होत्या. माझं बोलून झालं तेव्हा हात थांबले.

"मला नाही सांगितलं," त्या म्हणाल्या.

"कोणालाच नाही सांगितलं काकू. आम्हाला तरी कुठं..."

"तुमचं सोड. मी बायको होते ना." मग त्याच म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर मी गावभर केलं असतं. नोकरी चालली होती, मी काय गप बसले असते? त्या बाईच्या दारात जाऊन बसले असते. त्यांना ठाऊक होतं मी कशी हाये ते."

मी टोपी हातात फिरवत बसलो.

"बाबू, शेवटच्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं," काकू म्हणाल्या. "मी वाटी हातात धरली अन् म्हटलं, आधी सांगा, बंदूक कोणाला दिली. मग पाजते."

"मग?"

"मिशीला हात लावला. नेहमीसारखा." त्यांनी सूप बाजूला सारलं. "पाजलं मी पाणी. नाही असं नाही. पण आधी विचारलं."

मी उठलो तेव्हा म्हणाल्या, "ती बाई जिती हाये ना अजून? तिला हे पाण्याचं सांगू नको. तिचं तिला पुरे हाये."

जीत झाली असं ठाणेदार म्हणाले होते. परतीच्या गाडीत मला तो शब्द आठवला आणि लाज वाटली. मी खरं शोधून काढलं होतं आणि नेऊन एका म्हाताऱ्या बाईच्या पदरात टाकलं होतं. नवरा चोर आहे असं समजून ती जगत होती, तेव्हा तिला रागाचा तरी आधार होता. तो मी काढून घेतला.

या तपासानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी ज्या चौकशा केल्या त्या सगळ्यांत एक धरून चालायचो की गप्प बसलेला माणूस स्वतःला वाचवतो. खात्यातही हेच शिकवतात. उस्तादांच्या चौकशीत साहेबांनी सगळं विचारलं, बंदूक कुठं, कशी, केव्हा. तू कोणासाठी गप्प आहेस, एवढं विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं म्हणा. आता नवे शिपाई कधी भेटायला आले तर मी त्यांना एवढंच सांगतो की आरोपी बोलत नसेल तर त्याच्या मागं कोण उभं आहे ते पाहा. आणि फाटकावर उभे असाल तर दारात आलेल्याला खरं सांगा. खात्याची अब्रू त्यानं जात नाही.

काकूंनीच पुढं निरोप धाडला की त्या बाईला घेऊन ये. मी मायलेकांना जीपनं घेऊन गेलो. ती बाई काकूंच्या पाया पडली आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली. काकूंनी तिला वर बसायला सांगितलं, ती बसली नाही. चहा झाला. शेवटी ती बाईच म्हणाली, "माय, त्याईचं नाव काय होतं वं? ठाण्यात समदे हवालदार हवालदारच म्हणत होते. मले कोनं नाव सांगतलं नाही."

नाव मी सांगणार होतो. काकूंच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. 'हे', 'ते', 'आमचे घरचे', नाही तर नुसता हात. पण काकूंनी मला हातानं थांबवलं. पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि सावकाश, पूर्ण नाव घेतलं. बापाचं नाव, आडनाव, सगळं. नावाच्या आधी हवालदार लावलं.

बडतर्फ माणसाच्या नावाला हुद्दा लावता येत नाही, हा नियम मला ठाऊक आहे. मी उठलो आणि सलाम ठोकला.